तज आणि दालचिनी: युनानी औषधशास्त्रातील दोन सालींचा इतिहास

युनानी वैद्यकाच्या औषधकोशांत ‘सलीखा’ आणि ‘दारचिनी’ या दोन सुगंधी सालींच्या नोंदी शतकानुशतके वेगवेगळ्या केल्या गेल्या आहेत. सलीखा म्हणजे मराठी मुलखातील काष्ठौषधींच्या दुकानांत ‘तज’ म्हणून मिळणाऱ्या जातीची जाड, खरबरीत, काळपट तांबूस साल, तर दारचिनी म्हणजे पातळ पदरांची, एकात एक गुंडाळलेली, फिकट रंगाची दालचिनी. दोन्ही साली एकाच वृक्षगटातल्या, दोन्हींचा वास एकमेकींच्या जवळचा आणि गुणही बहुतांशी सारखे. असे असूनही ग्रीक, अरबी, फारसी आणि उर्दू अशा चार भाषांतून फिरलेल्या या वैद्यकाने त्यांना एका नोंदीत घातले नाही. हा भेद जपणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही झाडे आयुष्यात कधी पाहिली नव्हती, आणि जीभ, नाक व पूर्वसूरींचे ग्रंथ एवढ्याच साधनांवर त्यांचे ज्ञान उभे होते. सोळाव्या शतकात गोव्यात राहणाऱ्या एका विद्वान पोर्तुगीज वैद्याने दोन्ही साली एकच असल्याचा निर्वाळा दिला, तरीही हकिमांनी आणि औषधी द्रव्ये विकणाऱ्या अत्तारांनी आपली जुनी विभागणी मोडली नाही, आणि या वादात अखेर बरोबर ठरले ते हकीम व अत्तारच.

आरंभीच एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. ग्रीक ग्रंथांत ‘कासिया’ हे नाव या सुगंधी सालीचे आहे. पुढे अठराव्या शतकात लिनियसने वनस्पतींचे वर्गीकरण करताना तेच नाव शेंगा धरणाऱ्या एका वेगळ्याच गटाला दिले, आणि त्यामुळे आपल्याकडचा बाहवा शास्त्रीय नावाने ‘कासिया फिस्टुला’ झाला. बाहव्याच्या शेंगेतील गर युनानी वैद्यकात सारक म्हणून वापरतात. त्याचा आणि तजेचा नावापलीकडे काहीही संबंध नाही.

तजेचे मूळ घर दक्षिण चीन आणि त्याला लागून असलेला व्हिएतनामचा डोंगराळ भाग हे आहे, तर दालचिनीचे मूळ घर श्रीलंका आणि सह्याद्रीचा दक्षिणेकडील पट्टा हे आहे. भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या ग्रीकांना यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवले की कासिया अरबस्तानातील एका उथळ तळ्यात उगवते, वटवाघळांसारख्या पंखांचे क्रूर प्राणी तिची राखण करतात, आणि ती गोळा करणारे लोक डोळे तेवढे उघडे ठेवून सर्वांगाला कातडी गुंडाळून तिथे उतरतात. अशा कथा मुद्दाम पसरवल्या जातात आणि त्यांचा हेतू भाव चढा ठेवणे हाच असतो, हे पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने स्पष्टपणे सांगितले. त्याच शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कासियाची खरेदी कुठे होते याची नोंद आहे, आणि ती बंदरे अरबस्तानातील नसून सोमालियाच्या किनाऱ्यावरील आहेत. भडोच आणि ‘आरिआके’ म्हणजे उत्तर कोकण-गुजरातच्या बाजूची गलबते गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि सुती कापड घेऊन याच बंदरांना जात, असेही ती मार्गदर्शिका सांगते. पश्चिम भारताच्या खलाशांचा या व्यापाराशी असलेला संबंध असा प्राचीन आहे. मात्र साल नेमकी कुठून सोमालियाला पोहोचते हे ग्रीक खरेदीदाराला कोणी सांगितले नाही.

झाड अज्ञात राहिले तरी सालीचे गुण अज्ञात राहिले नाहीत. पहिल्या शतकात आशिया मायनरमधील अनाझार्बस या गावचा वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधी द्रव्यांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या पहिल्याच भागात कासिया व सिनॅमन (दालचिनी) यांची ओळीने वर्णने केली. कासिया उष्णता देते, ओलावा शोषते, लघवी साफ करते, अडलेली मासिक पाळी सुरू करते. दृष्टी स्वच्छ करणाऱ्या नेत्रौषधांत ती घालावी, मधात कालवून चेहऱ्यावरील डागांना लावावी, विषारी साप चावल्यास पोटात द्यावी, मूत्रपिंडाच्या विकारांत उपयोगी पडते, असे त्याने नोंदवले. सिनॅमन न मिळाल्यास औषधात दुप्पट कासिया घातली तर तेच काम होते, हे त्याचे विधान पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. दोन द्रव्यांचे गुण एकाच जातीचे पण बळ कमी-जास्त, असा हा विचार आहे. एकीच्या जागी दुसरी चालते, पण मात्रा बदलावी लागते. ज्या वैद्यापर्यंत द्रव्य दहा हातांतून आणि दोन समुद्रांवरून येते, त्याच्यासाठी याहून व्यवहारी नियम सापडणे कठीण होते.

दुसऱ्या शतकात गॅलेनने या निरीक्षणांना सिद्धान्ताची चौकट दिली. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियससाठी ‘थेरिआक’ नावाचे विषहारक औषध तयार करण्याचे काम त्याच्याकडे होते. नीरोचा राजवैद्य अँड्रोमाकस याने ठरवलेल्या या पाठात चौसष्ट द्रव्ये होती आणि त्यांत सिनॅमन व कासिया या दोन्हींचा समावेश होता. त्यासाठी गॅलेनला शाही कोठारातील जुन्या-नव्या साली काढून, चावून आणि हुंगून निवडाव्या लागल्या, आणि या अनुभवातून त्याने लिहिले की उत्तम प्रतीची कासिया आणि हलक्या प्रतीची सिनॅमन यांत अंतर फार थोडे असते. इ. स. १९२ च्या रोममधील आगीत त्याचा स्वतःचा सालींचा साठा भस्मसात झाला, आणि त्या हानीची खंत त्याने पुढे लिहून ठेवली. त्याने कासियाला उष्णता आणि कोरडेपणा या दोन्ही बाबतींत तिसरी श्रेणी दिली, आणि हाच दर्जा पुढे हजार-बाराशे वर्षे ग्रंथांतून ग्रंथांत उतरत गेला.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरे झाली नसती, तर हे ज्ञान युनानी वैद्यक म्हणून भारतात पोहोचलेच नसते. डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाचे भाषांतर इस्तिफान इब्न बसील याने केले आणि हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) याने ते तपासून दुरुस्त केले. भाषांतरकारांपुढची अडचण मोठी होती; ग्रीक नावांतील अनेक वनस्पती बगदादेत कोणाला माहीत नव्हत्या, म्हणून ती नावे कित्येकदा अरबी लिपीत जशीच्या तशी ठेवावी लागली. तज आणि दालचिनी यांबाबत मात्र उलट स्थिती होती, कारण या साली बगदादच्या बाजारात रोज उतरत होत्या. कासियासाठी ‘सलीखा’ हे नाव रूढ झाले, आणि सिनॅमनसाठी ‘दारसिनी’ म्हणजे चिनी लाकूड हे फारशी वळणाचे नाव आले. नवव्या शतकातील भूगोलकार इब्न खुर्दाजबिह याने चीनहून परतणारे व्यापारी कस्तुरी, अगरू आणि कापूर यांच्याबरोबर दारसिनी आणतात असे लिहिले आहे. अरबी वैद्यांकडे ग्रीकांपेक्षा अधिक माल आणि अधिक प्रती होत्या, आणि म्हणूनच त्यांच्या वर्णनांत सालीची जाडी, रंग, चव, तोडताना येणारा आवाज, जिभेवर मागाहून उमटणारा तुरटपणा अशा खुणा वाढत गेल्या. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार याने चौदाशेहून अधिक द्रव्यांचा कोश रचला, त्यात त्याने जुन्या वैद्यांचे उतारे देऊन या सालींच्या अनेक प्रती वेगळ्या केल्या.

तजेचा युनानी उपयोग समजून घ्यायचा तर इब्न सिना (९८०–१०३७) याच्या ‘अल-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथाकडे वळावे लागते, कारण भारतातील हकिमांनी शतकानुशतके गिरवला तो पाठ हाच. या वैद्यकानुसार शरीरात चार खिल्त म्हणजे द्रवरूप घटक असतात: दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पिवळे पित्त) आणि सौदा (काळे पित्त). प्रत्येक खिल्ताला आणि प्रत्येक औषधाला मिजाज म्हणजे उष्ण-शीत, कोरडा-ओला असा स्वभाव असतो, आणि औषधाच्या स्वभावाचे बळ चार दर्जांत मोजतात. पहिल्या दर्जाचा परिणाम जेमतेम जाणवतो, तर चौथ्या दर्जाचे द्रव्य शरीराला अपाय करण्याइतके तीव्र असते. तज तिसऱ्या दर्जाची उष्ण आणि कोरडी. बलगम थंड आणि ओला. म्हणून जिथे जिथे बलगम साचून घट्ट झाला आहे, वाट अडवून बसला आहे, तिथे तिथे तजेची योजना.

या एका सूत्रातून तजेच्या उपयोगांची सारी मालिका उलगडते. मंदावलेली भूक, जेवणानंतर पोट फुगणे, आंबट ढेकर या तक्रारी जठर थंड पडल्याने होतात असे हकीम मानत, आणि तज जठराला बळ देणारी व वायू मोडणारी म्हणून देत. छातीत घट्ट कफ साठून खोकला आणि दमा झाला असेल तर मधाबरोबर तिचे चाटण देऊन कफ पातळ करून बाहेर काढण्याचा प्रयत्न होई. यकृताच्या बारीक वाहिन्यांत दाट द्रव अडकल्याने पोटात पाणी होते अशी समजूत होती, आणि अशा अडथळ्यांना ‘सुद्दा’ म्हणत. तज हे अडथळे उघडणारे द्रव्य. अर्धांगवायू आणि तोंड वाकडे होणे हे विकारही मेंदूतील थंड ओलाव्याचे फळ मानले जात, म्हणून तिथेही उष्ण सुगंधी द्रव्यांत तिचा समावेश असे. थंडीने धरलेल्या डोकेदुखीत कपाळावर लेप, हिरड्यांना बळ येण्यासाठी आणि मुखदुर्गंधी जाण्यासाठी चघळणे, डोळ्यांतील धूसरपणावर सुरम्यात मिसळणे, हे बाह्य उपयोग डायोस्कोरिडीसपासून चालत आलेले. लघवी आणि मासिक पाळी मोकळी करणारे हे द्रव्य गर्भवतीस देऊ नये, हा इशाराही त्याच गुणातून निघतो.

मात्र गुण सांगून हे वैद्यक थांबत नसे, आणि युनानी औषधकोशांची खरी शिस्त दिसते ती इथेच. प्रत्येक नोंदीत द्रव्याची मात्रा, ते कोणत्या अवयवाला बाधते ते (मुजिर), ती बाधा घालवणारे सोबतचे द्रव्य (मुस्लिह), आणि मूळ द्रव्य न मिळाल्यास त्याऐवजी घ्यायचे द्रव्य (बदल) अशी चार कलमे असतात. उष्ण मिजाजाच्या माणसाला, पित्तप्रकृतीच्या तरुणाला किंवा ऐन उन्हाळ्यात तज देताना तिची धार बोथट करणारे द्रव्य जोडावे, ही दक्षता प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाई. ‘बदल’ या कलमात तर डायोस्कोरिडीसचा दुप्पट मात्रेचा नियम जवळजवळ शास्त्राच्या रूपात टिकून राहिला. ज्या द्रव्याचा उगमच दृष्टीआड आहे त्याच्याबाबतीत असे लिखित पर्याय ठेवणे ही केवळ सोय नव्हती, तर रुग्णाच्या हिताची काळजी होती.

एकट्या द्रव्याला ‘मुफरद’ आणि अनेक द्रव्यांच्या पाठाला ‘मुरक्कब’ म्हणतात. तजेचे मोठेपण मुरक्कबांत दिसते. गॅलेनच्या अरबी नावावरून ओळखली जाणारी ‘जवारिश-ए-जालिनूस’ (जवारिश म्हणजे पाचक चाटण) आजही युनानी दवाखान्यांत पचनासाठी आणि वारंवार लघवी होण्यावर दिली जाते. तिच्या पाठात जटामांसीच्या जातीचे सुगंधी मूळ, वेलदोडा, लवंग, नागरमोथा, सुंठ, मिरी, पिंपळी, कुलिंजन, केशर आणि मस्तगी यांच्यासोबत सलीखा आणि दारचिनी ही दोन्ही नावे शेजारी शेजारी येतात. केशरप्रधान ‘दवा-उल-कुरकुम’ यकृताच्या सुजेवर आणि जलोदरावर देतात, तिच्यातही दोन्ही साली आहेत; कोरफडीच्या वाळवलेल्या रसाने बनणाऱ्या ‘अयारिज’ या ग्रीक मूळ असलेल्या रेचकातही दोन्ही आहेत. दोन्ही साली एकच असत्या, तर एकाच पाठात त्या दोनदा लिहिण्याचे कारण उरत नाही. पाठ रचणाऱ्याच्या दृष्टीने त्या दोन द्रव्ये होती, आणि औषध तयार करणाऱ्याला दोन बरण्या उघडाव्या लागत.

जवारिश बनवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. साली, मुळे आणि बिया वेगवेगळ्या कुटून चाळतात, पण चूर्ण माजून या दुसऱ्या प्रकारच्या चाटणापेक्षा थोडे जाडसर ठेवतात, कारण भरड कण जठरात अधिक वेळ थांबून काम करतात असा विचार त्यामागे आहे. मस्तगी हा चिकट राळेसारखा पदार्थ असल्याने तिला जोराने घोटले तर ती उष्णतेने खलाला चिकटून बसते. म्हणून ती हलक्या हाताने, सावकाश वाटतात. केशर गुलाबपाण्यात किंवा केवड्याच्या पाण्यात खलून शेवटी मिसळतात. मध किंवा साखरेचा पाक चूर्णाच्या साधारण तिप्पट घेऊन, त्याला योग्य तार आली की भांडे विस्तवावरून उतरवून मगच चूर्ण घालतात, कारण तजेचे सुगंधी तेल उकळत्या पाकात उडून जाते. हा उडून जाणारा अंश म्हणजेच औषधाचे बळ, हे या कारागिरांना रसायनशास्त्राच्या पुष्कळ आधी हाताने कळले होते.

दालचिनीचे झाड अरबी जगाच्या नजरेस हळूहळू आले. १३४४ मध्ये श्रीलंकेला पोहोचलेल्या इब्न बतूता याने पुत्तलमच्या किनाऱ्यावर पुरात वाहून आलेल्या दालचिनीच्या ओंडक्यांचे ढीग पाहिले, आणि मलबार व चोळमंडळचे लोक ते दाम न देता घेऊन जातात, बदल्यात तिथल्या राजाला कापड वगैरे नजर करतात, असे लिहिले. परंतु प्रवाशाने पाहिलेली गोष्ट औषधकोशात उतरायला वेळ लागतो. ग्रंथातली साल, बाजारातली साल आणि रानातले झाड या तिन्हींची गाठ घालून देण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर झाला, आणि त्यात गोवा व अहमदनगर या दोन ठिकाणांचा वाटा आहे.

बुऱ्हाण निजामशाह पहिला याच्या काळात अहमदनगरच्या दरबारी इराण-अरबस्तानातून आलेले वैद्य होते. त्यांपैकी रुस्तम जुर्जानी याने सुलतानासाठी ‘जखीरा-इ-निजामशाही’ हा औषधी द्रव्यांवरचा फारशी ग्रंथ रचला. पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेला फिरिश्ता, जो अहमदनगरात वाढला आणि नंतर विजापूरला गेला, त्यानेही ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा भारतीय वैद्यकावरचा ग्रंथ फारशीत लिहिला. दख्खनच्या या शहरांत इब्न सिनाचे चार खिल्त आणि आयुर्वेदाचे तीन दोष एकमेकांच्या शेजारी नांदत होते. तजेच्या बाबतीत तर दोन्ही शास्त्रांचे निष्कर्ष आश्चर्य वाटावे इतके जुळतात; आयुर्वेदात ‘त्वक्’ म्हणजे ही साल वेलदोडा आणि तमालपत्र यांच्याबरोबर ‘त्रिजात’ या गटात येते, तिचे वीर्य उष्ण आणि काम कफ व वात शमवण्याचे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या निघंटूतही जाड सालीची ‘त्वक्पत्र’ आणि पातळ सालीची ‘दारुसिता’ अशी वेगळी वर्णने आहेत, म्हणजे भेदाची जाण हकिमांपुरती मर्यादित नव्हती.

गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचे अहमदनगरच्या दरबाराशी निकटचे संबंध होते. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला ओर्ता १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा याच्या ताफ्याबरोबर गोव्यात आला आणि उरलेले आयुष्य त्याने इथेच काढले. बुऱ्हाण निजामशाहावर त्याने उपचार केले, त्याच्या हकिमांशी तो चर्चा करी, आणि औषधांची अरबी नावे त्याने त्यांच्याकडून पारखून घेतली. १५६३ मध्ये त्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः ओर्ता आणि युरोपातून नुकताच आलेला रुआनो हे काल्पनिक पात्र प्रश्नोत्तरे करतात. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध बोलण्याचे धैर्य झाले नसते, अशी कबुली तो या ग्रंथात देतो, आणि त्या काळातील विद्यापीठांचा धाक पाहता ती मनापासून दिलेली आहे यात शंका नाही.

सिनॅमनवरील संवादात ओर्ताने प्राचीनांच्या कथा एकेक करून खोडल्या. तळी आणि पंखांचे प्राणी हे सारे व्यापाऱ्यांनी रचलेले. चिनी जहाजे ही साल श्रीलंकेतून भरून होर्मुझला नेत, तिथून ती अलेप्पो आणि अलेक्झांड्रियाला जाई, आणि ग्रीकांना तिचा उगम कोणी सांगत नसे. श्रीलंका, मलबार आणि मलाया इथली तिची स्थानिक नावे अशी अशी आहेत, असे त्याने जमवलेल्या माहितीवरून मांडले. व्यापारमार्गाविषयीचा त्याचा विवेक आजही थक्क करतो. परंतु त्यापुढे जाऊन त्याने ठरवले की कासिया आणि सिनॅमन हे एकच द्रव्य असून फरक आहे तो जमिनीचा आणि प्रतीचा. श्रीलंकेची साल उत्तम, इतर ठिकाणची हलकी. मलबारच्या रानातली जाड साल आणि श्रीलंकेची पातळ साल त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्या खरोखरच एकमेकींच्या फार जवळच्या आहेत. दक्षिण चीनमधील तजेचे झाड मात्र त्याने पाहिलेले नव्हते. दोन हजार वर्षांच्या गैरसमजांचे जाळे कापताना त्याने त्यातला एक खरा धागाही कापला, असेच म्हणावे लागते.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्याने आयुष्यभर अरब, इराणी, हिंदू वैद्यांकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही, त्याच्या वाट्याला हा शेवट यावा ही गोव्याच्या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक घटना आहे. ग्रंथ मात्र वाचला. कॅरोलस क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्येच अँटवर्पला प्रसिद्ध केला होता, आणि त्यातून ओर्ताची मते युरोपभर पसरली. श्रीलंकेच्या दालचिनीसाठी आधी पोर्तुगीज, १६५८ नंतर डच आणि १७९६ नंतर इंग्रज अशी सत्ता बदलत गेली, आणि साल सोलणाऱ्या सलागम जातीच्या लोकांवर वेठीचे ओझे वाढत गेले. तो इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

युनानी औषधकोशांच्या परंपरेवर ओर्ताच्या निष्कर्षाचा परिणाम झाला नाही. इराणात १६६९ मध्ये रचलेला ‘तुहफत-उल-मोमिनीन’ आणि त्याच्या आधारे भारतात १७७१ च्या सुमारास मुहम्मद हुसेन अकीली खोरासानी याने लिहिलेला ‘मखजन-उल-अदविया’ हे पुढच्या काळातील प्रमाण कोश, आणि त्यांत दोन साली आपापल्या जागी आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात बसून विल्यम डिमॉक याने सहकाऱ्यांसह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ (१८८९–१८९३) सिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य रसायनशास्त्राबरोबर याच फारशी कोशांचा आधार त्याने पानोपानी घेतला. चीनहून येणारी तज तेव्हा मुंबईत उतरत होती, आणि तिच्याच नावाखाली मलबारच्या व हिमालयाच्या पायथ्याच्या जंगली साली खपत होत्या. इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे: भारतीय बाजारात ‘तज’ हे नाव कधीच एका झाडापुरते राहिले नाही, आणि सलीखा म्हणून हकिमाच्या हाती प्रत्येक वेळी चिनी सालच पडली असे म्हणता येत नाही. कोशातील भेद जितका पक्का होता, तितका गोदामातील नव्हता.

१८३४ मध्ये द्युमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनज्ञांनी दालचिनीच्या तेलातून सिनॅमाल्डिहाइड हा मुख्य सुगंधी घटक वेगळा काढला. तो दोन्ही सालींत असतो, आणि त्यांच्या गुणांतील साम्याचे बरेचसे कारण त्यात सापडते. भेदाचे कारण दुसऱ्या एका घटकात सापडले. कुमारिन हे द्रव्य तजेत भरपूर असते आणि श्रीलंकेच्या दालचिनीत नाममात्र. दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात गेल्यास संवेदनशील माणसांच्या यकृताला ते इजा करू शकते. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००६ मध्ये याविषयी इशारा दिला. युरोपातील मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम अशी आहे, आणि साठ किलो वजनाचा माणूस दिवसाला साधारण दोन ग्रॅम तज खाऊन ती गाठतो. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही ‘दालचिनी’ आणि ‘तज’ यांच्या व्याख्या स्वतंत्र दिलेल्या आहेत, आणि चिनी, व्हिएतनामी व इंडोनेशियन जाड साली दुसऱ्या नावाखाली येतात. कोकणात नारळ-सुपारीच्या बागांतून लावली जाणारी दालचिनी, जिची ‘कोकण तेज’ ही जात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केली, ती श्रीलंकेच्या जातीची आहे.

२००३ मध्ये पाकिस्तानात साठ मधुमेही रुग्णांवर चाळीस दिवस तजेचा प्रयोग होऊन रक्तशर्करा उतरल्याचे प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून जगभर या सालीच्या कॅप्सूल रोज घेण्याची लाट आली. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे निघाले नाहीत. युनानी पद्धतीत तजेची मात्रा एक-दोन ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे आजच्या मर्यादेच्या अगदी काठावर. पण हकीम ती मिजाज पाहून, बाधा टाळणाऱ्या जोडद्रव्यासह आणि विकार उतरेपर्यंतच देत असे, आणि तजेचा मोठा भाग जवारिशीत पंधरा-सोळा द्रव्यांत व तिप्पट पाकात विभागला जाई, त्यामुळे रुग्णाच्या पोटात एका वेळी जाणारी साल फार थोडी असे. ज्या यकृताच्या विकारांवर ‘दवा-उल-कुरकुम’मधून ही साल शतकानुशतके दिली गेली, त्याच अवयवाला तिच्या अतिरेकाने धोका पोहोचू शकतो, ही बाब युनानी महाविद्यालयांतील औषधनिर्मितीच्या अभ्यासाने गांभीर्याने घ्यायला हवी, कारण पाठात दोन्ही साली लिहिल्या असताना दारचिनीच्या जागी स्वस्त तज दुप्पट घालण्याची बाजारातील सवय कुमारिनचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढवते, आणि डायोस्कोरिडीसचा जुना ‘बदल’ या एका ठिकाणी तरी आता जसाच्या तसा पाळता येत नाही.